पाहुण्याला सोपा नकाशा

लातूरला मी अकरा वर्षे संगणकावरील खेळांचे सभागृह चालवले. त्याआधी सव्वीस वर्षे जमीनमोजणीच्या कामात आरेखक होतो. म्हणजे मोजणीदार जी मापे आणत, त्यांचे नकाशे काढत असे. पहिल्या नोकरीविषयी मला कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या उद्योगाविषयी विचारतात, आणि विचारताना किंचित हसतात. त्यात हसण्यासारखे काय आहे ते मला अद्याप कळलेले नाही. औसा रस्त्याला माझा स्वतःचा एक मोठा गाळा होता. त्याच्या आजूबाजूला शिकवणी-वर्ग उभे राहिले. आधी दोन, मग सात. पुढे मी मोजणे सोडून दिले. उमरी, कंधार, उदगीर, अहमदपूर अशा ठिकाणांहून मुले डॉक्टर होण्यासाठी येत. वर्ग आणि खाणावळ यांच्यामधल्या तासात त्यांना बसायला जागा नव्हती. मी अकरा संगणक आणले, ते तारांनी एकमेकांना जोडले आणि दार उघडले.

सभागृहाचे नियम पहिल्याच दिवशी दारावर लावले. पादत्राणे बाहेर. ओरडणे नाही. शिवी दिल्यास त्या दिवसापुरता खेळ बंद. प्रत्येक वर्गाचे वेळापत्रकही मी दारामागे चिकटवले होते, आणि ज्या मुलाचा वर्ग चालू असेल त्याला परत पाठवत असे. मुले म्हणत, "सर, तुमच्यापरीस क्लासवाले बरे. ते एवढं बघत न्हाईत." लातुरात शिकवणारा असो वा नसो, प्रत्येक प्रौढ पुरुष 'सर' असतो. मीही झालो.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची आली. भौतिकशास्त्राचे एक शिक्षक आपला विद्यार्थी शोधत आले होते. विद्यार्थी सापडला, परंतु त्याच्या पाठीमागे उभे राहून ते पंधरा मिनिटे पडदा पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "यातली गोळी खाली येत नाही. सरळ रेषेत जाते. हे चूक आहे."

मी म्हटले, "खेळ आहे."

"म्हणून काय झालं?" ते म्हणाले.

त्यानंतर ते दर गुरुवारी दुपारी येऊन एक तास खेळत. गोळी वाटेत खाली येणारच असे धरून ते नेहमी थोडा वर नेम धरीत. ती सवय त्यांना शेवटपर्यंत मोडता आली नाही, आणि त्यांच्या हातून कोणी पडल्याचे मला आठवत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. पाच-पाच जणांचे दोन संघ. एका संघाने एक पेटी ठरलेल्या दोन जागांपैकी एकीवर नेऊन ठेवायची. दुसऱ्याने ती ठेवू द्यायची नाही. सर्वांच्या हाती बंदुका. ज्याला गोळी लागली तो त्या डावापुरता बाद. असे वीस-पंचवीस डाव होतात. ज्या जागेत हे सारे घडते तिला मुले 'मॅप' म्हणत. मी नकाशा म्हणत असे. असे नकाशे बरेच असतात. कोणता वाळवंटातला बाजार, कोणता कारखाना, कोणता घाटातला पूल. सामन्याआधी नकाशा ठरवावा लागतो, आणि खेळाडूंचे निम्मे भांडण तिथेच होते.

माझे खरे काम मात्र दाखवण्याचे होते. दहा संगणकांवर दहा जण खेळत. अकराव्यावर मी बसे. त्यावरचे दृश्य मागच्या मोठ्या पडद्यावर उमटे. मी एखाद्या खेळाडूच्या डोळ्यांनी दाखवू शकत होतो, किंवा वरून, नकाशासारखे. त्यात खेळाडू म्हणजे रंगीत ठिपके. कोणत्या क्षणी कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे, हे ठरवणारा एकच माणूस असतो. तो चुकला तर समोर बसलेल्यांना गोंधळाखेरीज काही दिसत नाही. खेळणाऱ्याला आपल्या पुढचे दिसते. दाखवणाऱ्याला कोण कुठे येणार हे आधी ओळखावे लागते. मला ते जमत असे. सव्वीस वर्षे मी कागदावर पाहून जमीन ओळखत आलो होतो.

पहिली स्पर्धा आम्ही घेतली तेव्हा मुलांनी 'गोदाम' नावाचा नकाशा निवडला. जाणत्या खेळाडूंना तो फार प्रिय. दोन मजले, बुटकी दारे, लोखंडी जिने, मालाच्या थप्प्यांमधून चिंचोळ्या वाटा. वरून पाहिले तर दोन मजले एकमेकांवर बसतात, आणि कोणता ठिपका वर, कोणता खाली, हे उमजत नाही. मला, आरेखकाला, ते कळायला तीन आठवडे लागले होते. त्यातून गोदामातला अर्धा खेळ कानांनी चालतो. खेळाडू हेडफोन लावून पावलांचा आवाज ऐकतात, थांबतात, वाट पाहतात. सभागृहातल्या प्रेक्षकांना आवाज ऐकू देता येत नसे; ते बोलत, पंखे फिरत, आणि प्रेक्षकांना ऐकू गेलेले खेळाडूंनाही ऐकू जाण्याची भीती. म्हणजे प्रेक्षकांना दिसे ते एवढेच, की एक माणूस भिंतीकडे तोंड करून दीड मिनिट उभा आहे.

त्या दिवशी बरेच पालक आले होते. अर्ध्या तासात निम्मे उठून गेले. एक बाई जाता जाता मुलाला म्हणाल्या, "भित्ताडच बघायचं होतं तर घरी काय कमी हायेत?"

ते वाक्य मला लागले. त्यानंतर मी नकाशांचा नेमाने अभ्यास केला. नव्या माणसाला कोणता नकाशा मानवतो याच्या माझ्या कसोट्या ठरल्या. मजला एकच हवा. मधोमध उंच, दुरून ओळखू येईल अशी एक खूण हवी, म्हणजे आपण कुठे आहोत हे विचारावे लागत नाही. वाटा रुंद आणि थोड्या. दोन्ही बाजूंचे रंग वेगळे. या साऱ्या कसोट्यांना उतरणारा नकाशा 'चौक': मध्ये मोकळे पटांगण, एक मनोरा, दोन रस्ते. पुढच्या सर्व स्पर्धांचा अंतिम सामना मी चौकातच घेतला. प्रेक्षक बसू लागले. नांदेडच्या दोन सभागृहांनी मला दाखवण्यासाठी बोलावले. तिथेही मी हाच नकाशा लावला. खेळाडू कुरकुरत. मी लक्ष दिले नाही.

इरफान नांदेडचा. वडील गफूरभाई यांचा जुन्या मोंढ्याजवळ जिल्दसाजीचा, म्हणजे पुस्तकबांधणीचा व्यवसाय, तीन पिढ्यांचा. इरफान एकदा प्रवेशपरीक्षा देऊन मागे पडला होता, आणि दुसऱ्यांदा देण्यासाठी लातूरला राहिला होता. वय एकोणीस. बोलणे कमी. त्याच्या संघाचा नायक अहमदपूरचा बालाजी, शेतकऱ्याचा मुलगा, त्याचे बोलणे दोघांपुरते. बालाजी म्हणे, "सर, आमच्या संघात चार जण लढून राहिलेत अन् एक जण बसून राहिलाय. पण तो बसला की आम्ही जिंकतो."

हे खरे होते. इरफानचा नेम बेताचाच. त्याचे कसब थांबण्यात होते. तो एखाद्या कोपऱ्यात जाऊन बसे आणि ऐके. समोरून कोणी गेले तरी गोळी झाडत नसे. किती जण, कुठून, कोणाच्या हाती पेटी, हे सारे कानांनी टिपून साथीदारांना सांगे, आणि शेवटी, आपण सापडणार नाही अशी खात्री झाल्यावर, एकदाच उठे. गोदामात त्याच्यासारखा खेळाडू मी नांदेड-लातुरात दुसरा पाहिला नाही.

त्याचे खेळ पाहून पुण्याच्या एका संघाने त्याला बोलावले. राहण्याची सोय, दरमहा वेतन, सरावासाठी शिक्षक. इरफानने घरी कळवले. गफूरभाईंचा निरोप आला: येत्या रविवारी स्पर्धा आहे म्हणतोस, मी येतो, डोळ्यांनी पाहतो. पटले तर पुणे. न पटले तर परीक्षा पुरे, पुणेही पुरे, दुकानात बसायचे.

इरफानने हे मला सांगितले ते गुरुवारी, मी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना संगणक लावून देत असताना. मग म्हणाला, "सर, रविवारी फायनलला गोदाम लावता का?"

"नाही."

"एकदाच."

"तुझे वडील पहिल्यांदा पाहणार आहेत. गोदामात त्यांना काय दिसणार? भिंत. चौकात निदान तू दिसशील."

त्याच्यामागे उभा असलेला बालाजी बोलला. "सर, चौकात हा बसणार कुठं? मैदानच हाय ते. मॅप पाहुण्यासाठी लावून राहिलात का खेळणाऱ्यासाठी?"

"ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यासाठी," मी म्हणालो.

मला ते उत्तर तेव्हा निर्दोष वाटले.

रविवारी सकाळी सर्व वर्गांच्या चाचण्या असत, म्हणून स्पर्धा दुपारी. गफूरभाई वेळेआधी आले. साठीच्या आतले, किरकोळ बांध्याचे गृहस्थ; बोटांच्या पेरांवर खळीचे पांढरे थर. दारावरचे नियम त्यांनी सावकाश वाचले, चपला बाहेर काढल्या, आणि आत येताना मला म्हणाले, "साहेब, नांदेडला अशाच पोरांच्या क्लासच्या नोट्सला माझ्याच दुकानात जिल्दी बांधतात. आत काय लिव्हलंय ते मला कळत न्हाई. आज हे बी तसंच हाय का?"

"आज कळेल," मी म्हणालो, आणि त्यांना पहिल्या रांगेत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवले.

सामना सुरू झाला. चौक जसा दिसायला हवा तसा दिसत होता. पटांगण, मनोरा, एका बाजूचे ठिपके निळे, दुसऱ्या बाजूचे पिवळे. मी गफूरभाईंना इरफान दाखवला. पहिल्या मिनिटातच तो पटांगणाच्या कडेला आडोसा शोधताना बाद झाला.

"तो पडला तो आपलाच का?" गफूरभाईंनी विचारले.

"हो."

दुसऱ्या डावात तो मनोऱ्यामागे गेला. मनोऱ्याला दोन्हीकडून वाट आहे. दोन्हीकडून आले.

"पुन्हा आपलाच?"

"हो."

"त्याला कुणी मारलं? त्या पिवळ्यानं. तो पिवळा त्या कोपऱ्यातून आला. ह्यानं बघितलं न्हाई."

नव्या माणसाने असे प्रश्न विचारले, असे बारकावे टिपले, की दाखवणाऱ्याला आनंद होतो. मला झाला. हे लिहिणे आवश्यक आहे म्हणून लिहितो. आठव्या डावापर्यंत गफूरभाई कोण कुठून येणार हे माझ्याआधी बोटाने दाखवू लागले होते. मागच्या रांगेतला एकही पालक उठला नाही. अकरा वर्षांत मी इतका स्वच्छ सामना दाखवला नव्हता.

इरफानचा संघ हरला. हरण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि तो सर्वांना दिसला. तो उठला, आपल्या माऊसची वायर गुंडाळू लागला. वडील त्याच्याकडे न पाहता मला म्हणाले, "लई साफ दाखवलं साहेब. माझ्यासारख्या अडाण्याला बी सगळं समजलं. मी जरा वेगळं ऐकून होतो त्याच्याबद्दल."

मग इरफानला म्हणाले, "काम येत नसलं तर म्हणावं येत न्हाई. त्यात काय लाज न्हाई. चल, सामान बांध. साडेपाचची एसटी हाय."

इरफानने एकदा माझ्याकडे पाहिले. बापासमोर तो काही बोलणार नव्हता. 'ही माझी जागा नाही' असे त्याने म्हटले असते तर ती सबब ठरली असती, आणि ते त्याला ठाऊक होते. माझ्या तोंडून ती सबब ठरली नसती. मी म्हणालो, "निकाल निकाल असतो." बाप-लेक निघून गेले.

बालाजी संगणकांवर कापड घालायला थांबला होता. म्हणाला, "सर, तुमी तोंड उघडायला पाहिजे होतं."

त्याला मी बाहेरचे दार लावून घ्यायला सांगितले.

पुढचे आठ दिवस एक गाव डोक्यातून जाईना. भूकंपानंतर आमच्यापैकी काही आरेखकांना पुनर्वसित गावांच्या आखणीचे काम दिले होते. मी एका गावाची आखणी केली. जुने गाव म्हणजे वेड्यावाकड्या बोळांचे. पाहुणा तिथे हटकून चुकत असे. मी सरळ रस्ते आखले, काटकोनात. सारख्या रांगा, सारखी घरे, प्रत्येक घरावर क्रमांक. पाहणीला आलेले अधिकारी रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, इथून सारे गाव समजते. त्यांनी माझी पाठ थोपटली. लोक राहायला गेल्यानंतर काही महिन्यांनी मी हद्दीच्या खुणा तपासायला गेलो. एक मेंढपाळ मला रस्त्यात उभे राहिलेले दिसले. मी विचारले, कोणाची वाट पाहता? ते म्हणाले, "माझ्या घराची. अंधारात जुन्या गावी डोळं झाकून जात होतो. हितं दिवसाढवळ्या दुसऱ्याच्या दारात शिरून ऱ्हायलो. तुमचं गाव येणाऱ्याला लई सोपं हाय, साहेब. ऱ्हाणाऱ्याला न्हाई."

त्यांना मी क्रमांक वाचायला शिका असे सांगितल्याचे आठवते.

तेव्हा मला ते म्हणणे अडाणीपणाचे वाटले होते. सभागृहातल्या त्या आठ दिवसांत ते तसे वाटेना. मी तीच आखणी पुन्हा केली होती, आणि पुन्हा बघणाऱ्याकडून शाबासकी घेतली होती. जमीनमोजणीत एक रीत आहे. नकाशात चूक सापडली की तिचे दुरुस्तीपत्रक काढावे लागते, मग त्या जमिनीवर इमला उभा राहून गेलेला असला तरी. मी पुण्याच्या संघाला दूरध्वनी केला. त्यांनी सभ्यपणे सांगितले की आम्ही शुक्रवारपर्यंत थांबलो, मग ती जागा सोलापूरच्या एका मुलाला दिली. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घातले आणि नांदेडची गाडी धरली. अहमदपूर, लोहा, नांदेड. जागा खिडकीची मिळाली नाही.

गफूरभाईंचे दुकान म्हणजे पत्र्याच्या छताची एक लांबट खोली. भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या, मध्ये पुस्तके दाबण्याचा लोखंडी शिकंजा, कोपऱ्यात खळीचे पातेले. इरफान मांडी घालून एका जाड वहीची शिलाई करत होता. मला पाहून उठला. गफूरभाई म्हणाले, "तू बस. दोरा सैल पडंल." आणि मला, "या साहेब. नांदेडला कसं काय?"

"चूक सांगायला आलो," मी म्हणालो. "रविवारी जागा मी बदलली होती. तुम्हाला समजावे म्हणून सोपी लावली. इरफानने दुसरी मागितली होती. तो त्या दुसऱ्या जागेत खेळतो."

गफूरभाईंनी मुलाकडे पाहिले. "तू बोलला न्हाई."

"तुमी म्हणला असता बहाणा करतोय," इरफान वहीकडे पाहत म्हणाला.

"म्हणलोच असतो," गफूरभाई म्हणाले. त्यांनी हात पुसले. "दाखवा."

झालेला खेळ संगणक जपून ठेवतो. तो पुन्हा लावता येतो आणि कोणाच्याही डोळ्यांनी, कोणाच्याही कानांनी अनुभवता येतो. मी लॅपटॉप शिकंज्यावर ठेवला आणि उन्हाळ्यातल्या स्पर्धेचा गोदामातला उपांत्य सामना लावला, इरफानच्या डोळ्यांनी. पडद्यावर काळोख, मालाची थप्पी आणि भिंतीचा एक तुकडा.

"अंधारच हाय सगळा," गफूरभाई म्हणाले.

मी सांगू लागलो, की या जागेला दोन मजले आहेत, पेटी ठेवायची जागा डावीकडे आहे, विरोधी संघ...

"जरा गप ऱ्हावा, साहेब. बघू द्या."

भिंतीचा तुकडा तसाच. मग मला सुचले ते फार आधी सुचायला हवे होते. मी हेडफोन काढले आणि त्यांच्या कानांवर बसवले.

थोडा वेळ काही झाले नाही. मग गफूरभाईंनी मान वर केली आणि दुकानाच्या पत्र्याकडे पाहिले.

"वर कोणतरी हाय," ते म्हणाले. कानांवर हेडफोन असल्याने आवाज मोठा लागला. शेजारचे कारागीर मेहबूबभाई, जे पलीकडे पुठ्ठा कापत होते, तेही पत्र्याकडे पाहू लागले.

इरफान उठून वडिलांमागे येऊन उभा राहिला होता. वडिलांच्या एका कानावरचा हेडफोन किंचित बाजूला करून म्हणाला, "हाव अब्बा. दोघं हायत."

"मंग तू उठत का न्हाईस?"

"आता न्हाई उठायचं."

"कवा?"

"एकजण जिना उतरंल. लोखंडाचा आवाज येईल. दुसऱ्याकडं पेटी हाय, तो थांबंल. तवा."

गफूरभाईंनी हेडफोन पुन्हा नीट बसवला. मी घड्याळ पाहिले नाही; परंतु बराच वेळ पडद्यावर तोच भिंतीचा तुकडा होता. मग त्यांनी एक बोट वर केले. लोखंड वाजले असावे. पडद्यावरचे दृश्य प्रथमच हलले. थप्पीआडून बाहेर, वाजलेल्या जिन्याकडे पाठ, दुसऱ्या जिन्याने वर, एक माणूस, एक गोळी. पेटी खाली पडली.

गफूरभाईंनी हेडफोन काढले. "एवढा येळ तू गप बसला?"

"हाव."

"ताटावर एवढा येळ बसत न्हाईस कवा." मग मला म्हणाले, "साहेब, जुजबंदीची शिलाई पुस्तकाच्या आत जाते. वरून पुठ्ठा दिसतो, अन् गिऱ्हाईक पुठ्ठ्यालाच चांगलं म्हणतंय. पण मी गिऱ्हाईक न्हाई. मला आतलं दाखवायचं होतं. मी बघितलं असतं."

मी हेडफोनची वायर सरळ करू लागलो.

"पुण्याला कवा जायचं म्हणत होता हा?"

"ती जागा भरली," मी म्हणालो. "शुक्रवारी."

इरफानला ते ठाऊक नव्हते, हे त्याच्या उभे राहण्यावरून कळले. तो परत जाऊन वहीपुढे बसला. सुईत दोरा होता, तरी त्याने तो पुन्हा ओवला.

"मंग आज कशाला आला, साहेब?" गफूरभाईंनी विचारले. विचारण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"चूक दुरुस्त करायला."

"झाली का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, एखाद्या कारागिराने खरे मोजमाप सांगितल्यावर हलवावी तशी. मी लॅपटॉपला हात लावला. त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या. तेवढंच पुन्हा मागं घ्या. तो बसतो तिथपासून." आणि पलीकडे हाक मारली, "मेहबूबभाई, या इकडं. कात्री ठेवा. आमचं पोरगं हाय हे."

मेहबूबभाई आले, वाकून पडद्याकडे पाहू लागले. "कुठं हाय पोरगं? भिंतच हाय की."

"दिसणार न्हाई. बोलू नका, ऐका नुसतं," गफूरभाई म्हणाले, आणि हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवून दोन्ही तळहातांनी दाबून धरले.

मी खेळ मागे घेतला. भिंत आली. इरफानची सुई थांबली होती. गफूरभाई पडद्याकडे पाहत नव्हते. ते मेहबूबभाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला करण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून मीही तिकडेच पाहिले.

थोड्या वेळाने मेहबूबभाईंनी मान वर केली आणि पत्र्याकडे पाहिले.